आठ ते आठची वही : नळी, इन्सुलिन आणि घरी आणलेला पेशंट

पक्षाघाताचा पेशंट घरी येतो तो बहुधा रात्री. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज सोडतो’ म्हणतात. मग बिल, मग विम्याची अंतिम मंजुरी, आणि ती हातात पडेपर्यंत संध्याकाळचे सहा-सात वाजतात. त्यात रुग्णवाहिकेची वाट, जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरवण्याची कसरत. पेशंट पलंगावर टेकतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलचं शटर अर्धं खाली आलेलं, ब्यूरोची (घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेची) मावशी हे घर पहिल्यांदाच बघतेय, घरच्यांच्या डोळ्यांत पंधरा दिवसांचं जागरण. नाकात पोटापर्यंत गेलेली अन्नाची नळी, खाली कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, दिवसातून दोनदा इन्सुलिन. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या आम्हा लोकांना सगळ्यात धोक्याची रात्र कोणती असं विचारलंत, तर हीच.

त्या रात्रीपासून नाकातली नळी निघेपर्यंतच्या काही आठवड्यांत घरात काय काय करावं लागतं आणि नेमकं कुठे घसरतं, ते इथे लिहितो आहोत. औषधांचे डोस तुमच्या डॉक्टरांनी दिलेलेच. इथले आकडे ते डोस पेशंटपर्यंत नीट पोहोचवण्याच्या पद्धतीचे आहेत.

कॅनडात तीन प्रांतांमधल्या घरच्या शुश्रूषेच्या नोंदी तपासून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाकाठी शंभरातल्या साधारण दहा जणांना शुश्रूषेतल्या कशामुळे तरी इजा झाली होती आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या होत्या. पडणं, जखमांचा संसर्ग, औषधांची गफलत हे त्यातले नेहमीचे यशस्वी. आपल्याकडे घरातल्या अशा घटनांची नोंद कुणी ठेवतच नाही. पण घरोघरी जे दिसतं त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगता येते : बऱ्याच चुका हात बदलताना होतात. हॉस्पिटलातून घर, रात्रीच्या मावशीकडून दिवसाची मावशी, मुलाकडून सुनेकडे. ब्यूरोची ड्युटी आठ ते आठ असते, आणि इन्सुलिनची व नाश्त्याच्या फीडची (नळीतून द्यायच्या पातळ अन्नाची) वेळही नेमकी आठच्याच आसपास. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी सगळी जोखमीची कामं एका उंबऱ्यावर येऊन उभी राहतात.

पहिला हातबदल हॉस्पिटलच्या वॉर्डातच होतो आणि तोच सगळ्यात घाईत उरकला जातो. डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहिलेली असतात, पण आजचा शेवटचा डोस किती वाजता दिला हे त्यावर नसतं. ते सिस्टरांच्या चार्टवर असतं आणि चार्ट हॉस्पिटलातच राहतो. परिणाम दोन : रात्रीचा डोस दोनदा जातो, नाहीतर चुकतो. म्हणून निघण्यापूर्वी कार्डाच्या झेरॉक्सवर प्रत्येक औषधापुढे शेवटच्या डोसची वेळ सिस्टरांकडून लिहून घ्यायची. त्याच कागदावर आणखी चार गोष्टी हव्यात : नाकातली नळी कितव्या नंबरची आणि कधी घातली, नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटिमीटरची खूण आहे, कॅथेटर कधी घातला, तो आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात किती मिली पाणी आहे. आणि पेशंटचे दोन्ही हात कोपरापर्यंत उघडून बघायचे. सलाईनसाठी लावलेली सुई काढायची राहून पेशंट तसाच घरी येतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी हातच बघतो. ती राहिली तर दोन-तीन दिवसांत शीर लाल होऊन सुजते. शिवाय तोंडाने द्यायचं औषध चुकून त्याच वाटेने जाण्याची भीती असते ती वेगळीच. त्यासाठीच नळीतून द्यायची औषधं कधीही इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरायची नाहीत. फीडची मोठ्या तोंडाची ५० मिलीची सिरिंज वेगळी, तिचं ताट वेगळं.

घरी पोहोचल्यावर औषधांची जुळणी. घरातल्या सगळ्या जुन्या पट्ट्या एका पिशवीत गोळा करायच्या : फ्रिजवरच्या, देवघराच्या कप्प्यातल्या, पर्समधल्या. मग डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून नाव जुळवायचं ते मोठ्या अक्षरातल्या ब्रँडचं नाही, खाली बारीक अक्षरात छापलेल्या घटकाचं. रक्तदाबाची जुनी गोळी एका नावाची, हॉस्पिटलने दिलेली दुसऱ्या नावाची, आत घटक तोच. दोन्ही सुरू राहिल्या की चौथ्या दिवशी पेशंट बसवल्याबरोबर डोळे पांढरे करतो. उलटंही होतं : थायरॉइडची वर्षानुवर्षं चाललेली गोळी हॉस्पिटलच्या यादीत उतरायची राहते आणि घरचे ‘आता बंद केली वाटतं’ असं धरून चालतात. बंद केली की राहिली, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं. तोवर कार्डावर नसलेल्या पट्ट्या वेगळ्या डब्यात, डब्याला चिकटपट्टी. टाकून द्यायच्या नाहीत आणि हाताशीही ठेवायच्या नाहीत.

नळी असलेल्या पेशंटला प्रत्येक गोळी कुटून द्यायची, असं सगळे धरूनच चालतात. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल अशी अक्षरं असलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध तासाभरात रक्तात उतरतं. पोटातल्या आम्लापासून वाचण्यासाठी लेप दिलेल्या गोळ्या असतात, पँटोप्रॅझोलची त्यातलीच. ती कुटली की औषध पोटातच वाया जातं आणि लेपाचा चिकटा नळीत बसतो. मेडिकलवाल्याला नुसतं ‘हे नळीतून द्यायचंय’ एवढं सांगितलं तरी तो पर्याय दाखवतो. मग तो पर्याय डॉक्टरांकडून पक्का करून घ्यायचा. बाकीच्या गोळ्या एकेक करून कुटायच्या, १५-२० मिली पाण्यात कालवायच्या आणि दोन गोळ्यांच्या मध्ये तेवढंच साधं पाणी सोडायचं. सगळ्यांचा एकदम लगदा केला की नळी तुंबलीच. आणि खल वेगळा घ्या. वेलदोडे कुटायच्या खलात कुटलेलं औषध थोडं खलातच राहतं, आणि वेलदोड्याची सालं नळीत.

नळीचं पहिलं काम म्हणजे ती जागेवर आहे की नाही हे बघणं, तेही दर फीडच्या आधी. पेशंट घरी आला की नाकपुडीपाशी नळीवर पक्क्या मार्करने रेघ ओढायची आणि सेंटिमीटरचा आकडा वहीत लिहायचा. बहुतेक मोठ्या माणसांत तो ५० ते ६० च्या दरम्यान असतो, पण महत्त्व तुमच्या पेशंटच्या आकड्याला. रेघ नाकाबाहेर सरकलेली दिसली तर फीड नाही. तोंड उघडून टॉर्चने घशात बघायचं : कधी कधी रेघ जागेवर असते आणि नळी आत घशात वेटोळं करून बसलेली असते. मग सिरिंजने हलकेच ओढून पोटातलं पाणी येतं का बघायचं. पीएचच्या (आम्लता मोजण्याच्या) पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी आकडा आला तर टोक पोटात आहे असं समजतात, पण पेशंटला आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर आकडा वर जाऊ शकतो. ‘सिरिंजने हवा मारा आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐका’ ही जुनी रीत अजून सर्रास चालते. नळीचं टोक फुप्फुसात असलं तरी तशीच गुडगुड ऐकू येते. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्येच या पद्धतीवर विसंबू नका असं बजावलं होतं. शंका राहिली तर थांबायचं. एक फीड चुकल्याने काही बिघडत नाही. फुप्फुसात गेलेल्या २०० मिली पेजेने माणूस जातो.

फीड देताना पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर. नुसत्या उशा रचल्या तर माणूस घसरतो, पोट दुमडतं आणि खाल्लेलं वर येतं. म्हणून आधी ढुंगण पलंगाच्या मोडीवर नीट आणायचं, मग डोकं उचलायचं. सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, सिरिंज नळीला लावून पेशंटच्या पोटाच्या वर साधारण वीतभर-दीड वीत धरायची आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्यायचं. २०० मिलीला १५-२० मिनिटं लागायला हवीत. मावशीला पाच घरं नसतात, पण मोबाइल असतो. दट्ट्याने रेटून दोन मिनिटांत उरकण्याचा मोह तिथूनच येतो. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. फीड संपल्यावर निदान अर्धा तास डोकं वरच. डायपर बदलायला किंवा कूस वळवायला सपाट करायचं असेल तर ते फीडच्या आधी उरका. फीडनंतर लगेच सपाट झोपवलं, उलटी झाली, ठसका लागला, तिसऱ्या दिवशी ताप : या साखळीला घरात ‘हवा बाधली’ म्हणतात.

घरचं फीड म्हणजे भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व, ताक. सगळं चांगलं. पण मिक्सरमधून काढल्यावर बारीक गाळणीतून, आणि नाचणी असेल तर सुती फडक्यातून गाळून. गार झाल्यावर नाचणी आणि पेज दोन्ही घट्ट होतात, म्हणजे चुलीवर पातळ दिसलेलं नळीत खळ होऊन बसतं. दुधाच्या फीडनंतर लगेच ताक किंवा लिंबूपाणी सोडलं की नळीतच दही. तुंबली तर कोमट पाणी, छोट्या हिसक्याने आत-बाहेर, पाच-दहा मिनिटं थांबून परत. तार घालायची नाही, कोल्ड्रिंक ओतायचं नाही. नळी अर्धी बाहेर आली असेल तर घरच्या घरी पुन्हा आत ढकलायची नाही. पट्टी लावून तशीच धरून ठेवा आणि ज्याला ती घालता येते त्याला बोलवा.

आता इन्सुलिन. आमच्या मते घरातलं सगळ्यात धारदार हत्यार हेच, आणि ते फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी उभं असतं.

सिरिंजपासून सुरू करू. आपल्याकडे बाटलीतलं नेहमीचं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली या ताकदीचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनच्या काडतुसात १०० युनिट प्रति मिली असतं. काही बाटल्याही १०० च्या येतात आणि त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात जातात ८ युनिट. साखर चढत राहते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि एखाद्या दिवशी योग्य सिरिंज हाती येते तेव्हा तो वाढवलेला डोस पुरा लागू होतो. उलटी चूक त्याहून वाईट : पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत काढलं, तर जातात ५० युनिट. अडीचपट. काडतुसातून सिरिंजने काढायचंच नाही, पेन बिघडलं तर दुसरं आणायचं. घरात एकाच जातीच्या सिरिंज ठेवायच्या, दुसऱ्या जातीच्या परत करायच्या. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून मोठ्याने वाचायचे. एकट्याने असलात तरी मोठ्याने. मनातल्या मनात वाचलं की डोळा जे अपेक्षित असतं तेच वाचतो. आणि कागदावर ‘१० यू’ असं लिहू नका. घाईतल्या अक्षरात त्या इंग्रजी ‘यू’चं शून्य होतं आणि दहाचे शंभर. ‘युनिट’ पूर्ण लिहा.

गढूळ दिसणारं मिश्र इन्सुलिन, ३०/७० लिहिलेलं, हाताच्या तळव्यांमध्ये दहा वेळा हळू लाटून घ्यायचं. हलवून फेस आणला की डोस कमी भरतो. चालू बाटली साधारण चार आठवडे. उघडल्याची तारीख पट्टीवर. ठेवायची फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. विदर्भात मे महिन्यात तासन्‌तास वीज जाते तिथे बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी ओल्या फडक्याच्या माठात ठेवण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. कोकणातला त्रास वेगळा : जुलैच्या दमटाईत साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या खोटं बोलू लागतात. बोटाला साखरेचं, फळाचं, ग्लुकोजचं काही लागलेलं असलं तरी आकडा उगाच चढा येतो. स्पिरिट फासण्यापेक्षा बोट साबणाने धुऊन, पुसून, कोरडं करून टोचा.

आता आठ वाजतानाचा प्रसंग. रात्रीची मावशी पावणेआठला इन्सुलिन टोचते, कारण ‘जाण्याआधी माझं काम उरकते’. आठला दिवसाची येते, पदर खोचते, नळी बघते तर तुंबलेली. कोमट पाणी, खटपट, फोनाफोनी, नळी बदलणारा माणूस साडेदहाला येतो. इन्सुलिन पोटभर, पोट रिकामं. बोलता न येणारा पेशंट ‘मला कसंतरी होतंय’ म्हणत नाही. त्याला घाम येतो, तो अस्वस्थपणे चादर चाचपडतो, मग शांत होतो, आणि घरचे म्हणतात, चला, डोळा लागला. यातून वाचायचा नियम एकच ओळीचा आहे : नळी तपासली, पाणी सहज उतरलं, फीड तयार होऊन समोर आलं, मगच सुई. आणि जो फीड देणार त्याच्याच हाताने किंवा त्याच्या डोळ्यांदेखत सुई. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की इन्सुलिन आणि त्यानंतरचं फीड साडेसातला करा किंवा साडेआठला करा. दोन्ही एका ड्युटीत बसू द्या. साधं इन्सुलिन अर्धा तास आधी, जलद असेल तर फीडच्या वेळीच, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर.

साखर ७० च्या खाली आली की थांबून विचार करायचा नाही. नळी जागेवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे तीन सपाट चमचे, अर्ध्या पेल्याहून थोड्या जास्त पाण्यात विरघळवून नळीतून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आल्यावर फीड. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतायचं नाही. साखर वाढण्याऐवजी श्वास अडकतो. नळी नसेल आणि पेशंट जागा होत नसेल तर १०८. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते, मूत्रपिंड कमजोर असेल तर हमखास. त्या दिवशी डॉक्टरांशी बोलून रात्रभर ठरावीक अंतराने तपासणी.

कॅथेटरचं तुलनेने सोपं आहे, तरी पहिल्या आठवड्यातला सगळ्यात रक्तबंबाळ अपघात त्याचाच. पिशवी पलंगाच्या कठड्याला अडकवलेली असते, दोघं मिळून पेशंटला पलीकडच्या कुशीवर वळवतात, पिशवी अलीकडेच राहते. फुगा न उतरवता नळी ओढली जाते. वळवण्याआधी ‘पिशवी?’ असं एकाने मोठ्याने विचारायचं आणि दुसऱ्याने हातात धरून ‘पिशवी’ असं उत्तर द्यायचं. हे हास्यास्पद वाटतं, पण उपयोगी पडतं. नळी मांडीला पट्टीने बांधलेली हवी, थोडी ढील ठेवून. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. व्हीलचेअरवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तेव्हा पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि दोन दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. चार तासांत पिशवीत काहीच उतरलं नाही तर आधी नळीला पीळ किंवा दुमड आहे का बघा, मग बेंबीखाली हात ठेवून पोट टणक लागतंय का बघा. पक्षाघाताच्या पेशंटची अचानक सुरू झालेली तगमग कितीदा नुसत्या तुंबलेल्या कॅथेटरची असते, आणि त्याला मिळते झोपेची गोळी.

पाठीच्या जखमेबद्दल सगळ्यांना माहीत असतं, तरी ती होतेच. दोन तासांनी कूस, पूर्ण कुशीवर नाही तर पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश. टाचा पलंगाला टेकायला नकोत : पोटरीखाली उशी, टाच हवेत. माकडहाडाची, टाचांची, घोट्यांची त्वचा रोज उजेडात बघायची. लाल भागावर बोट दाबून उचललं की तिथे क्षणभर पांढरं व्हायला हवं. नाही झालं, लालच राहिलं, तर जखमेची सुरुवात झाली समजा. त्यावर तेल लावून चोळायचं नाही. मधे भोक असलेली रबरी रिंग आणायची नाही; ती कडेने रक्तपुरवठा दाबते. हवेची गादी आणली की कूस बदलायची गरज नाही हा मोठा गैरसमज. ती नेहमीच्या गादीवर अंथरायची, वर एकच चादर, आणि आठवड्यातून दोनदा माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात सरकवून बघायचं. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. निदान इंचभर हवा मधे हवी. वीज गेली की गादी हळूहळू बसते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि पाणीही, त्या दिवशी कूस दर तासाला आणि पाणी बुधवारीच भरलेलं.

घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर गुरुवार आणखी महत्त्वाचा. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट ओढतं. घरचा इन्व्हर्टर ते किती वेळ चालवतो हे दिवसा, पेशंट सिलिंडरवर असताना, प्रत्यक्ष चालवून बघायचं. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर मावतात. मिनिटाला २ लिटर या दराने साडेबारा तास, तेही पूर्ण भरलेला असेल तर. काट्यावर अर्धं दिसलं तर अर्धंच धरा. व्हॉल्व्हला तेलाचा हात लावायचा नाही. आणि देव्हारा. पेशंट बहुधा हॉलमध्ये असतो, देव्हाराही तिथेच, संध्याकाळी सासूबाई निरांजन घेऊन पेशंटला ओवाळायला येतात. ऑक्सिजन लागलेल्या माणसाच्या चादरीतही ऑक्सिजन मुरलेला असतो. निरांजन, उदबत्ती, काडेपेटी निदान दोन-तीन मीटर लांब. त्यांना ‘नको’ म्हणण्यापेक्षा विजेची समई आणून द्या, वाद मिटतो.

माया हाच घरचा सगळ्यात बेसावध धोका. भेटायला आलेल्या मावस-आत्या चमचाभर तीर्थ तोंडात घालतात. गणपतीत मोदकाचा तुकडा जातो. गिळता न येणाऱ्या माणसाला ते श्वासनलिकेत जातं, आणि कित्येकदा त्याला ठसकाही लागत नाही, कारण ठसक्याची जाणीवच गेलेली असते. पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात पाटी लावा : तोंडाने काही देऊ नये. तीर्थ कपाळाला लावता येतं. दुसरं शेकणं. लुळ्या बाजूला गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजल्याचं पेशंटला कळत नाही, आणि मधुमेह असेल तर तो फोड महिनाभर भरत नाही. आणि उठवताना लुळ्या हाताला काखेत धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. खुर्ची चांगल्या बाजूला, ब्रेक लावलेले, बसवल्यावर दोन मिनिटं थांबून मग उभं.

हे सगळं जिथे एकत्र येतं ती वही. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची, पेनला दोरी बांधलेली. दिवसाला एक पान, आडवं : वेळ, साखर, इन्सुलिन कोणतं व किती युनिट, नळीची खूण, फीड काय व किती मिली, पाणी, लघवी, शौच, कूस (डा, उ, पा), सही. काम आधी, नोंद मागून. आगाऊ लिहायचं नाही. सगळ्या नोंदी बरोबर दोन, चार, सहाच्या ठोक्याला असतील आणि शाई एकसारखी असेल तर पान ड्युटी संपताना एका बैठकीत भरलंय हे ओळखायला शिका. खरी वही तिरपी असते : २.१०, ४.२५, मधे एक डाग. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही मावश्या पलंगापाशी उभ्या राहून शेवटच्या चार ओळी एकमेकींना वाचून दाखवतील आणि नळीची खूण दोघी बघतील, एवढी पाच मिनिटं ब्यूरोशी बोलून ड्युटीत धरून घ्या. दहा मिनिटं उशिरा येण्यावरून भांडण्यापेक्षा याचा आग्रह धरा.

ब्यूरो ज्यांना ‘नर्स’ म्हणून पाठवतं त्या सगळ्या नर्स नसतात. एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते; ती बघायला मागण्यात अपमान नाही. नोंदणी नसेल तर इन्सुलिन घरच्यांनीच टोचायचं, दोन दिवसांत कुणालाही शिकता येतं. आणि चुकलं तर? ‘ताई, माझ्या हातून फीड तयार व्हायच्या आधीच सुई गेली’ असं सांगणाऱ्या मावशीला त्याच दिवशी काढून टाकलं, तर तिच्या जागी येणारी कधीच काही सांगणार नाही. परदेशातला मुलगा कॅमेऱ्यावर सगळं बघतो. कॅमेऱ्यात मावशी झोपली की जागी हे दिसतं, नळी किती सेंटिमीटरवर आहे ते दिसत नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर ‘चुकलं’ असा रकाना ठेवा : काय, किती वाजता, लगेच काय केलं. नाव नको. चुकता चुकता राहिलेलंही तिथेच.

गिळण्याची तपासणी होऊन तोंडाने खाणं सुरू झालं की नळी निघते. त्या दिवशी घरात पेढे येतात आणि सगळे ढिले पडतात. पण खाण्याच्या वेळा आणि प्रमाण त्याच दिवशी बदलतं : दर तीन तासांनी ठरावीक २०० मिली जायचं, आता कधी अर्धी पोळी, कधी दोन घास. इन्सुलिनचा कागद मात्र जुनाच असतो. नळी काढायला आलेल्या डॉक्टरांकडूनच नवा डोस, नव्या वेळा, कोणती गोळी आता अख्खी द्यायची, हे लिहून घ्या. जेवण पूर्ण होण्याची खात्री नसेल तर सुई आधी की जेवणानंतर, हेही विचारा. पहिले तीन-चार दिवस घास बारीक, माणूस ताठ बसलेला, हनुवटी खाली, प्रत्येक घासानंतर ‘आ’ म्हणायला सांगायचं. आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचं. वहीचं पहिलं पान त्या दिवशी नव्याने लिहायचं. जुनं फाडायचं नाही. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ आणि रेघेवर तारीख, म्हणजे रात्री आठला येणारी मावशी चुकून तेच वाचणार नाही.